विद्वानांच्या कागदांना वारस कोण?

(वाई येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विद्वान निवर्तला की शोकसभा भरते, दुखवट्याचा ठराव होतो. परंतु त्याच्या कपाटातील अप्रकाशित हस्तलिखितांचे पुढे काय झाले, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. घर बदलते, जागा अपुरी पडते, वाळवी लागते. आणि जन्मभराचे चिंतन अखेर रद्दीच्या तराजूत पडते.

आपण ज्या वाईत जमलो आहोत, तेथे मात्र याच्या उलट घडले आहे. प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्या मीमांसाकोशाचे प्रकाशन १९५२ मध्ये सुरू झाले. १९५५ मध्ये स्वामी निवर्तले. तरीही काम खंडित झाले नाही. सातवा आणि अखेरचा खंड १९६६ मध्ये बाहेर पडला. कर्त्यामागे अकरा वर्षे हे कार्य चालले, कारण त्याच्या मागे संस्था उभी होती. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, तेव्हा त्यांचे संशोधन जतन करण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

आता दुसरी बाजू पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ मध्ये झाले. त्यांचे अप्रकाशित लेखन प्रसिद्ध करण्यासाठी महाराष्ट्र शासनाची समिती नेमली गेली ती १९७६ मध्ये. पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ तर १९८७ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. तो प्रसिद्ध होताच केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. जो विचार प्रस्थापितांना बोचतो, त्याच्या प्रकाशनाची घाई कोणत्याच सत्तेला नसते. मधल्या काळात चळवळीची एक अख्खी पिढी त्या लेखनावाचून वाढली. ही हानी कोणत्याही ठरावाने भरून निघणारी नाही.

कागद ही कायद्याने वारसांची मालमत्ता असते. पण त्यावरील विचार समाजाच्या श्रमावर पोसलेला असतो. वारसांना दोष देऊन भागणार नाही. खाजगी पत्रे चव्हाट्यावर येतील ही त्यांची भीती रास्त आहे. तेवढी पत्रे ठरावीक वर्षे मोहरबंद ठेवता येतात. शिवाय १९५७ च्या लेखाधिकार कायद्यानुसार, अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणाला दिले, तर मृत्युपत्रात अन्यथा म्हटलेले नसल्यास लेखकाकडे असलेला प्रकाशनाचा हक्कही त्याबरोबर जातो. म्हणून आपल्या परिसरातील वृद्ध अभ्यासकांना भेटून, त्यांच्या हयातीतच अशी व्यवस्था करण्याची विनंती केली पाहिजे.

हा नियम आपल्या घरालाही लागू आहे. कामगार संघटनांची इतिवृत्ते, सत्याग्रहींच्या रोजनिश्या, जुनी पत्रके कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडली आहेत. ती लिहिणारे पंडित नव्हते, म्हणून त्यांच्यामागे पाठशाळाही उभी राहिली नाही. त्यांची पाठशाळा आपणच व्हायचे आहे. प्रत्येक तालुका शाखेने अशा कागदांची यादी करावी, आणि सुरक्षित जागा व जबाबदार माणूस नेमावा. शोकसभेची वाट न पाहता हे काम आजच हाती घ्यावे, एवढीच विनंती.