पेशी ओळखणारं यंत्र आणि आपण
(बोरी अरब, जि. यवतमाळ येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गर्भाशयाच्या तोंडावरून काडीने घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निरोगी पेशीचं केंद्रक लहान, गोल असतं; कर्करोगाच्या पेशीचं मोठं, गडद, वेड्यावाकड्या कडांचं. एका पट्टीवर हजारो पेशी. बघणाऱ्याचे डोळे थकतात. म्हणून आता संगणक पट्टीचं छायाचित्र घेऊन केंद्रकं मोजतो व संशयास्पद पेशी पुढे काढतो. निदान डॉक्टरांनीच करायचं.

हे चांगलंच आहे. पण तेवढ्याने बाई वाचते का?

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली आले. जवळपास सारख्या आकाराचे चार गट होते. वेगळी तपासणी न दिलेल्या गटात ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. पेशी तपासलेल्या गटात ५४. कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात मात्र ३४. त्या ६४ जणीही आपल्यासारख्याच खेड्यांतल्या होत्या, हे विसरू नका.

तेव्हा यंत्राचं कौतुक करताना आरोग्य केंद्रात विचारा: आमची तपासणी कोणती? अहवाल कधी हातात मिळेल? दोष निघाला तर उपचार कुठे, जाण्यायेण्याचं काय? ३० ते ६५ वयाच्या बाईची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. काही त्रास नसला तरी जायचं. एकटीला संकोच वाटत असेल, तर चौघींनी मिळून जायचं.