किल्ली कुणाकडे?

धानाच्या हंगामाचे दिवस. गोंदिया जिल्ह्यात देवरी किंवा सालेकशाच्या सेवा केंद्रात सातबारा काढायला रांग लागलेली, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर पाटी येते: ब्राउझर अपडेट करायची परवानगी नाही.

संगणक बिघडलेला नसतो.

विंडोजमध्ये ब्राउझर बहुधा ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात असतो. तिथे बदल करायचा हक्क ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला. रोजच्या कामाचं साधं खातं तिथे काही लिहू शकत नाही. गोदामाची किल्ली मालकाकडे, हमालाकडे नव्हे, तसंच हे. त्यावर तोड म्हणून फायरफॉक्सने २०१२ मध्ये मागच्या मागे चालणारी देखभाल सेवा आणली. ती बंद असली की पुन्हा परवानगी मागितली जाते. लिनक्सवर रूट, म्हणजे तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटर, खात्याने बसवलेल्या फायरफॉक्सची हीच अडचण. पण म्हणून ब्राउझर कायम रूट खात्यातून चालवणं हा उपाय नव्हे, तो धोका. लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या साधनातून, बसवलेला बरा.

जुन्या यंत्रांची गोष्ट वेगळी. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही, परवानगी कितीही द्या!

केंद्रचालकांनी आधी ब्राउझर पूर्ण बंद करावा, मग ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून अपडेट करावा. आणि हे काम रांग लागण्याआधी, सकाळीच उरकावं.