दोन सोनापूर

मुंबईच्या जुन्या माणसाला ‘सोनापूर’ म्हटलं की स्मशान आठवतं. दुबईतही एक सोनापूर आहे. तिथं मजुरांच्या वसाहती आहेत. खोल्यांतून एकावर एक खाटा. टोलेजंग इमारती उभारणारे हात रात्री तिथं विसावतात.

दुबईची लोकसंख्या २०२३ अखेर ३६ लाखांवर गेली. त्यात दर तिघांमागे साधारण दोन पुरुष. कारण सरळ आहे. कुटुंब न्यायचं तर महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायला घर, एवढी मिळकत लागते. मजुराला ती कुठली?

म्हणून आमच्या कोकणात पैसे येतात, घरावर स्लॅब पडतो, पोरं शिकतात. बाप मात्र सुट्टीपुरता पाहुणा. त्या शहराच्या भरभराटीचा हिशेब मांडताना इथल्या बायकांचं एकटेपणही धरायला हवं.