कोंबड्यांनी तारलेलं औषध



या खोलीत पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांच्या घरी स्टॅटिनची बाटली असणार. माझ्याकडे आहे. पण ज्यांच्यामुळे ही गोळी मिळाली त्या अकिरा एन्दो यांचं नाव मी ऐकलं ते जून २०२४ मध्ये ते वारल्यावर.

एन्दो १९३३ चे, उत्तर जपानमधल्या अकिताच्या शेतकरी कुटुंबातले. १९६६ ते ६८ ते आपल्यासारखेच अमेरिकेत, न्यूयॉर्कला संशोधन करत होते. इथे हृदयविकार किती बोकाळलाय ते त्यांनी पाहिलं आणि (आपलं साम्य इथे संपतं!) ते परत गेले.

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं आणि त्याचा वेग एक एन्झाइम ठरवतं. इतर जंतूंना रोखण्यासाठी एखादी बुरशी हेच एन्झाइम अडवत असेल, असा एन्दोंचा तर्क. सांक्यो या औषध कंपनीत १९७१ पासून दोन वर्षांत त्यांनी सुमारे ६,००० बुरशी तपासल्या. १९७३ मध्ये हवं ते द्रव्य सापडलं, क्योटोच्या धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. त्याचं नाव कॉम्पॅक्टिन.

उंदरांना दिलं, तर ढिम्म फरक नाही. एरवी फाईल इथेच बंद झाली असती. पण एन्दो 'का नाही?' विचारत राहिले. (उंदराचं यकृत ते एन्झाइम भराभर जास्त बनवून औषधावर मात करतं, हे पुढे कळलं.) अंड्यात इतकं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार! १९७६ मध्ये एका सहकाऱ्याकडच्या कोंबड्यांना ते खाऊ घातलं. कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं.

१९७८ मध्ये ओसाकाच्या डॉ. यामामोतोंनी ते आनुवंशिक आजार असलेल्या एका तरुणीला दिलं. तिचे स्नायू अशक्त झाले, म्हणून मात्रा कमी केली. म्हणजे स्नायूंचा त्रास पहिल्या रुग्णापासून नोंदलेला आहे. 'डॉक्टर हे लपवतात' असा संदेश व्हॉट्सॲपवर वाचून माझ्या पुण्याच्या भावाने कोणालाही न विचारता गोळी सोडली, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

१९८० मध्ये कुत्र्यांत गाठी दिसल्याच्या वार्तेने सांक्योने काम थांबवलं. कॉम्पॅक्टिन बाजारात आलंच नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती मर्कच्या लोव्हास्टॅटिनला. तोच रेणू एन्दोंनाही १९७९ मध्ये वेगळ्या बुरशीत स्वतंत्रपणे सापडला होता! १९८५ चं नोबेल कोलेस्टेरॉलवरच्या संशोधनासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना मिळालं. तिसरं नाव एन्दोंचं हवं होतं, असं माझं स्पष्ट मत. त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तोही २००८ मध्ये.

आता प्रश्न विचारा. गोळीबद्दलचे इथल्या डॉक्टर मंडळींना, कोंबड्यांबद्दलचे मला.