चार्जर चालू आहे का?

कोल्हापूरसारख्या शहरात बंगल्यात राहणाऱ्याला इलेक्ट्रिक गाडीची चिंता नसते. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॅटच्या आसपास वीज मिळते, आणि ३० युनिटची बॅटरी रात्रभरात भरते. पण शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत, बोळातल्या घरात राहणाऱ्याचं काय? त्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते आणि बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून वायर सोडणं किती धोक्याचं, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको. सार्वजनिक चार्जर लागतो तो या माणसाला.

कायद्याची वाट केव्हाच मोकळी झाली. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला आणि परवान्याची अडचण दूर झाली. त्याच वर्षी डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वं आली: शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात किमान एक चार्जिंग केंद्र, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक.

केंद्र उभं राहिलं म्हणजे चार्जिंग मिळालं, असं मात्र होत नाही. मशीन बंद असतं. चालू असलं तर पुढ्यात पेट्रोलची गाडी लावलेली असते. दोन्ही जमलं तर नवं ॲप उतरवा, त्यात आगाऊ पैसे भरा. भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड चालतो. चार्जरवरही तो चाललाच पाहिजे.

दुचाकींकडे तर आपलं फारच दुर्लक्ष झालं आहे. पेठांमधली खरी रहदारी त्यांचीच. कारच्या चार्जरची सीसीएस-२ गन, म्हणजे जोडणीचं टोक, स्कूटरला बसत नाही. हलक्या वाहनांच्या एकत्रित जोडणीचं मानक भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मंजूर केलं, तरी कार डोळ्यांसमोर ठेवूनच केंद्रांचे आराखडे होतात. स्कूटरला लाखोंचं यंत्र लागत नाही. भाजी मंडईजवळ, बसस्थानकाच्या वाहनतळावर, मीटर लावलेले साधे सुरक्षित सॉकेट रांगेने बसवले तरी मोठं काम होईल.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. ३० किलोवॅटच्या एका गनवर एका कारला तासभर धरला, तर चौथ्या कारला तीन तास थांबावं लागतं. बॅटरी ८० टक्क्यांवर गेली की भरण्याचा वेग उतरतो. शंभर टक्के होईपर्यंत अडून बसणारा मागच्यांचा वेळ खातो. चार्जिंग संपल्यावरही गाडी न हलवणाऱ्याला आकार लावणं हाच त्यावर उपाय.

आणि पंचगंगेला विसरून चालणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. जागा स्वस्त मिळते म्हणून पूररेषेच्या आत उच्च क्षमतेचा चार्जर बसवणं हा अभियंत्याचा अपराध ठरेल.

बाहेरच्या देशांनी चार्जर मोजायची रीत बदलली आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या नियमांनुसार ५० किलोवॅट आणि त्यावरच्या चार्जरचं जाळं वर्षाला सरासरी ९९ टक्के वेळ चालू असावं लागतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या निधीतून उभ्या राहिलेल्या केंद्रांसाठी ९७ टक्क्यांची अट आहे, म्हणजे वर्षभरात जेमतेम अकरा दिवस बंद. आपल्याकडे उद्घाटनाचा आकडा जाहीर होतो, चालू तासांचा नाही. अनुदान यंत्र बसवण्याला मिळतं. त्याचा मोठा हिस्सा यंत्र चालवण्याला मिळायला हवा.

महापालिकांच्या निविदांचे मसुदे या सभागृहातले अनेक जण तयार करतात. पुढच्या मसुद्यात तीन अटी घाला: ९७ टक्के चालू वेळ, क्यूआरने पैसे, आणि प्रत्येक केंद्रावर दुचाकींसाठी सॉकेट. दर महिन्याला चालू तास जाहीर न करणाऱ्या ठेकेदाराचं बिल थांबवा.