फोटोत मुळगाव राहू द्या



छायाचित्र प्रदर्शनाच्या अध्यक्षाने सर्वांचे कौतुक करून खाली बसावे, अशी रीत आहे. आज ती मोडतो. बाहेरच्या मांडवात लावलेले फोटो मी सकाळी निवांत पाहिले. हात तयार आहेत, कॅमेरे महागाचे आहेत, तरीही बहुतेक फोटोंवर माझा उघड आक्षेप आहे. त्यांत आपला गाव, मुळगाव, दिसत नाही.

लईराई देवीच्या जत्रेचा तो मोठा फोटो घ्या. होमकुंडातून निघालेला धोंड म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त, हातात गोंड्यांचा वेत, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. जत्रेला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की त्या वेळी धुराने डोळे चुरचुरतात, अंग घामाने निथळत असते, माळा कोमेजलेल्या असतात. फोटोत यातले काही नाही. फोनचा नाइट मोड एका दाबात अनेक फ्रेम घेतो, एकमेकींवर बसवतो, अंधार उजळतो आणि बारीक कण पुसून टाकतो. त्यात धूर गेला, घामही गेला. वर तयार रंगछटांचा प्रीसेट चढवला. उरला तो मेणाचा पुतळा! शेजारच्या फोटोत शेतात भाताची लावणी करणारी बाई आहे, तिचा रंग चांगला दोन छटा उजळला आहे. उन्हात राबणाऱ्या बाईला गोरे करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

याहून घातक प्रकार ड्रोनचा. तो मये तळ्यावरून उठतो आणि खाणीच्या खंदकावर येऊन थांबतो. वरून निळेहिरवे पाणी, टप्प्याटप्प्याने कापलेली तांबडी दरड, त्याला संगीत, की झाली रील. 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 खाण लिजांचे नूतनीकरण रद्द केले. मग खाणींचे लिलाव झाले आणि डिचोलीच्या खाण ब्लॉकमध्ये मुळगावची जमीन गेली. घरे, देवळे, तळी, शेते लिजातून वगळा, म्हणून हा गाव भांडतो आहे. आणि आपलीच मुले त्या खंदकाचे निसर्गदृश्य करून जगाला दाखवतात. उद्या शेतात गाळ आला, विहीर आटली, तर पुरावा म्हणून काय ठेवणार? ज्याचे आभाळ संगणकाने बदलले आहे तो फोटो?

कलेचे स्वातंत्र्य, असे उत्तर मिळते. जगात हा वाद कुठवर पोचला आहे ते पाहा. 2015 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे एक पंचमांश प्रवेशिका फेरफारामुळे बाद झाल्या. 2023 मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनीच्या स्पर्धेतले पारितोषिक नाकारले आणि आपले विजेते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवले आहे, हे स्वतःच सांगितले. त्याच वर्षी लायकाने फोटोसोबत त्याच्या उगमाची डिजिटल नोंद ठेवणारा कॅमेरा बाजारात आणला. तिकडे खरेपणाची मोहर शोधली जाते आहे आणि आपण इथे खरेपणा पुसायला ॲप विकत घेतो आहोत.

म्हणूनच फिल्मकडे, सायनोटाइपसारख्या जुन्या तंत्राकडे पुन्हा वळलेल्या तरुणांबद्दल मला आस्था आहे. तिथे चूक लपत नाही, प्रत्येक फ्रेमचा हिशेब द्यावा लागतो.

आणि छायाचित्रणाचे हे शास्त्र आपल्याला परके नाही. पेडण्यातल्या मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे छायाचित्रकार होते, 1854 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत वावरणारे. तेव्हा कॅमेरा तिपाईवर ठेवून रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. त्या छायाचित्रकारांनी आपल्या काळातली माणसे, त्यांचे धंदे, त्यांचे कपडे टिपले, म्हणून आज ते आपल्याला दिसतात. आजचा मुळगाव दीडशे वर्षांनी कोणाला दिसणार?

संयोजकांना माझे स्पष्ट सांगणे आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक फोटोसोबत मूळ फाइल मागा. ठिकाण, तारीख आणि फोटोतल्या माणसाची संमती असेल तर त्याचे नाव खाली लिहा. ज्याला आभाळ बदलायचे आहे, त्याच्यासाठी वेगळी भिंत द्या आणि तिच्यावर तसे लिहा. तरुणांनो, तुम्ही शेताच्या बांधावर एक जागा ठरवा. पावसाआधी आणि पावसानंतर तिथूनच, त्याच उंचीवरून, कोणताही फिल्टर न लावता फोटो काढा. दरवर्षी काढा. छापून पंचायतीत एक प्रत द्या, पोच घ्या आणि एक प्रत घरी जपून ठेवा.