बर्गी म्हणजे कोण?

उद्या सुट्टी, त्यामुळे आज जरा निवांत ऐकाल अशी आशा धरून एक घरचीच गोष्ट सांगतो.

गुदैबियाला आमच्या समोरच्या दारात एक बंगाली कुटुंब राहतं. मागच्या शिवजयंतीला मंडळाच्या अफझलखानवधाच्या नाटकात माझा मुलगा मावळा होता. फेटा बांधून, पुठ्ठ्याची तलवार घेऊन जिन्यात 'हर हर महादेव' चाललं होतं. समोरच्या वहिनींनी दार उघडलं आणि हसत हिंदीत विचारलं, "आमच्याकडे बर्गी आले का?" लहानपणी आजी अंगाई म्हणायची, त्यात बर्गींची भीती असायची म्हणे. गावावर बर्गी आलेत, पीक गेलंय, आता सारा कुठून भरायचा, अशी ती अंगाई.

"बाबा, बर्गी म्हणजे कोण?" मुलाने विचारलं.

बर्गी म्हणजे बारगीर. आपला मराठा स्वार, ज्याला घोडा सरकारातून मिळायचा. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. शब्द मला ठाऊक होता, पण तो बंगालमध्ये मुलांना घाबरवायला वापरतात हे चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात अटकेपार झेंडे होते. ही अंगाई नव्हती.

१७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चाल करून जात होत्या. मागणी चौथाईची. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात जळणारी गावं, पळणारी माणसं आणि बायकांवरचे अत्याचार आहेत. या फौजेचे सेनापती भास्करराम कोल्हटकर. त्यांनी कटव्याला दुर्गापूजा मांडली आणि पूजा चालू असतानाच नवाब अलीवर्दीखानाने छापा घातला. मराठ्यांचा वाटाड्या आणि सल्लागार मीर हबीब, म्हणजे मुसलमान. नवाबाच्या बाजूने भास्कररामांशी बोलणी करायला गेलेल्यांत राजा जानकीराम, म्हणजे हिंदू. ह्यात 'आपले' नि 'त्यांचे' कसे वेगळे काढायचे, सांगा बरं.

ती बोलणी कशासाठी होती? मार्च १७४४ मध्ये मनकऱ्याला नवाबाने भेटीसाठी तंबू उभारला. भास्करराम सरदारांसह आत गेले आणि तिथेच त्यांना मारलं.

तंबू, भेट, वकील, घात. हे वाचताना मला प्रतापगडच आठवला. १६५९ साली जावळीत खान चालून आला होता. मनकऱ्याला चालून गेलेले आपण होतो. प्रतापगडाला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो, मनकऱ्याला दगा. बंगाली माणूस उलट म्हणेल. दोन प्रसंग एकाच तागडीत घालावेत असं मी म्हणत नाही. शिवाजी महाराजांसमोर राज्य टिकवण्याचा प्रश्न होता, रघूजींसमोर वसुलीचा. पण हा फरक सांगायलासुद्धा दोन्ही गोष्टी माहीत हव्यात ना?

आम्हा आयटीवाल्यांचं एक असतं. दोन सर्व्हरमध्ये भांडण झालं, तर एकाचाच लॉग वाचून कुणी निदान केलं की साहेब त्याला घरी पाठवतो. इतिहासात मात्र आपण एकच लॉग वाचतो आणि वर त्याची कमान उभारतो. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत खानवधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली, सांगली-इचलकरंजीपर्यंत गेली. ज्या खानावरून ती पेटली, त्याची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. महाराजांनीच त्याला रीतसर दफन करवलं, असं आपणच सांगत आलो.

इथे बहारीनमध्ये तशी दंगल होणार नाही. आपल्याकडे होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. एक फॉरवर्ड येतो, शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस पुढच्या ईदला शीरखुर्म्याला बोलावत नाही, आणि आपल्याला कारणही कळत नाही.

मुलाला मी शेवटी सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "काकूंना राग आलाय का आपला?" मी म्हटलं, तूच विचार. तो गेला, आणि वाटीभर पायेश घेऊन आला.

यंदा नाटक संपल्यावर भास्कररामांबद्दल बोलायला मी मंडळाकडे दहा मिनिटं मागितली आहेत. "शिवजयंतीला कशाला हे?" असं एका सभासदाने विचारलंय. बैठक पुढच्या शुक्रवारी आहे. तुम्हीही या.